बिटसिलीच्या कुरणाचं फाटक

शनिवारी घरात बसायचं नाही, हा नियम मी केला आणि माझ्या नवऱ्याने, बेलोने, पाळला. पोस्टात पस्तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. घरी बसला की टीव्ही लावायचा, टीव्ही लावला की झोपायचा आणि झोपला की असा घोरायचा की माझ्या डोक्यात तिडीक जायची. निवृत्तीला दोन आठवडे झाले नसतील, मी त्याच्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि म्हटलं, "ऊठ म्हाताऱ्या, गाडीत बस."

"कुठे जायचंय?"

"तू बस तरी आधी."

तेव्हापासून एक शनिवार चुकला नाही. आमच्या न्यू मेक्सिकोत पडक्या जागांना काय तोटा? जुने किल्ले, छप्पर उडालेली चर्चं, स्पॅनिश शिपायांनी कड्यांवर कोरलेली नावं, चांदी संपली तशी ओस पडलेली गावं. पहाटे मी बीन्स आणि हिरव्या मिरचीचे बरिटो करायचे, कॉफीचा थर्मास भरायचे, आणि आम्ही निघायचो. बेलो शहरातला, आल्बुकर्कीचा. प्रत्येक पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणार आणि वर मला सांगणार. "मिनी, इथे मोठी लढाई झाली म्हणे."

"मला काय सांगतोस? त्या लढाईत माझ्या खापरपणजोबाचा कान गेला."

माझं नाव एर्मिनिया, पण मिनी म्हणायचा तो एकटाच. मी गुरांच्या राखणीत वाढलेली. गाडी मी चालवायचे, कारण कच्च्या रस्त्यावर बेलो अशी चालवायचा की जणू मागे अंड्यांची टोपली ठेवलीय. आणि आमच्याकडे रीतच आहे, चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसेल त्याने उतरून फाटकं उघडायची आणि लावायची. म्हणून स्टिअरिंग माझ्याकडे आणि फाटकं त्याच्याकडे.

फाटकाची दुसरी रीत याहून मोठी. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. यात बोलायचं काही नाही, आमच्याकडे पोरं हे चालायला शिकायच्या आधी शिकतात. बेलो शिकला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला आम्ही माझ्या वडिलांकडे गेलो होतो, आणि दहा मिनिटांत परत यायचंय म्हणून याने फाटक तसंच सोडलं. सात गाई हमरस्त्यावर गेल्या. उतारावरून तेलाचा टँकर आला. चार जागच्या जागी गेल्या, तीन पाय मोडून रस्त्यावर ओरडत पडल्या. माझे वडील बंदूक घेऊन आले. सेलेदोनियो आर्चुलेता, शब्द मोजून बोलणारा माणूस. बेलोला म्हणाले, "गोळी मी घालतो. डोकं तू धर." बेलोने तिन्ही डोकी धरली, एकेक करून. लग्नातले बूट रक्ताने चिकट झाले होते. वडील त्याच्याशी नंतर दोन वर्षं बोलले नाहीत. त्यांच्या वाटणीचंही मी बोलले, घरी जाईपर्यंत बोलले आणि त्यानंतरही बोलत राहिले.

तेव्हापासून बेलो फाटक लावायचा, दोनदा हलवून बघायचा आणि मगच गाडीत बसायचा. मी सांगितलं आणि त्याने केलं नाही असं पुन्हा कधी झालं नाही. चारचौघांत मी हे कौतुकाने सांगायचे. लोक हसायचे, बेलोपण हसायचा.

तीन वर्षांपूर्वी जुन्या जागा जपणाऱ्या एका संस्थेकडून आम्हाला एक जागा सांभाळायला मिळाली. पगार नाही काही, हौशी लोकांचं काम. महिन्यातून एकदा जायचं, फोटो काढायचे, कुणी खणलंय का बघायचं. आमच्या वाट्याला आला 'ला गरिता', म्हणजे टेहळणीचा बुरूज. घराएवढ्या एका धोंड्यावर तीनशे वर्षांपूर्वी इथल्या मूळच्या नवाहो लोकांनी दगडावर दगड रचून बांधलेला. हल्लेखोर आले की बायकापोरं वर चढायची आणि शिडी ओढून घ्यायची. धोंड्याच्या पायथ्याशी त्यांची माणसं पुरलेली आहेत. भांडी आणि मणी विकणारे चोर तिथेच खणतात, कारण मेलेल्यांबरोबर ठेवलेलं भांडं फुटलेलं नसतं.

आमचं एक दिवसाचं शिक्षण झालं एका हॉलमध्ये. शिकवणारी बाई म्हणाली, कुणी खणताना दिसलं तर जवळ जायचं नाही, बोलायचं नाही. गाडीचा नंबर घ्यायचा, मागे फिरायचं आणि फोन लागेल तिथून कळवायचं. हे तिने तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती माझ्याकडे बघत होती असं बेलोचं म्हणणं होतं.

ऑक्टोबरातला शनिवार होता. सकाळचे नऊ वाजलेले, गवतावर दहिवर, दरीतली कॉटनवुडची झाडं पिवळीधमक. हमरस्ता सोडून आत पाऊण मैलावर आयरीन बिटसिलीच्या कुरणाचं फाटक लागतं. आयरीन नवाहो, माझ्याच वयाची, एकटी बाई तीस-पस्तीस गुरं सांभाळते. तिचं फाटक तारेचं. बिजागरी नाही, कडी नाही. चार काटेरी तारा आणि त्यांना उभे ठेवणारे दांडे. शेवटचा दांडा खांबाला भिडवायचा, त्याचं बूड खालच्या तारेच्या कड्यात घालायचं, मग खांबाला मिठी मारून खांद्याने रेटायचं आणि वरचं कडं दांड्यावर चढवायचं. आयरीनचं फाटक इतकं ताणलेलं की धडधाकट माणसाला घाम फुटावा. बेलोने ते उघडलं, मी गाडी आत घेतली, त्याने लावलं आणि दोनदा हलवलं. पाण्याच्या टाकीपाशी गुरं उभी होती, पायांत यंदाची वासरं.

तिथून बुरूज चार मैल. पोचलो तर जुनिपरच्या झाडांमागे एक पांढरा पिकअप उभा. नंबराच्या पाटीवर चिखल थापलेला.

"मिनी," बेलो म्हणाला, "गाडीचा फोटो काढू आणि निघू."

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण तेवढ्यात वरून फावड्याचा आवाज आला. माती उपसल्याचा नव्हे, काहीतरी कडक तुटल्याचा. मी थर्मास बगलेत मारला आणि चढायला लागले. बेलो मागून आला, कारण मी पुढे गेले.

धोंड्याखाली कमरेएवढा चर खणला होता. बाजूला चाळण, टॉवेलात गुंडाळलेली दोन भांडी आणि हाडांचा ढीग. खाऊन फेकलेल्या कणसांसारखी हाडं टाकली होती. दोघे होते. एक धिप्पाड, पांढऱ्या दाढीचा, कमरेला पिस्तूल. त्याचं नाव रस्क, ते नंतर कळलं. दुसरा तिशीचा, सुकलेला, हातांवर फोड, डोळे जागेवर ठरत नव्हते. तो एका कवटीत सिगारेटची राख झाडत होता. कवटी लहान होती.

माझं डोकं सटकलं.

"तुझ्या आजीची आहे का रे ती, हरामखोरा?"

सुकड्या दचकला. रस्क दचकला नाही. हात झटकत तो चरातून वर आला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही वाट चुकलात."

"वाट तुझी आई चुकली."

"मिनी, चल," बेलो मागून म्हणाला.

"फोन," रस्क म्हणाला. पिस्तूल काढलंसुद्धा नाही, नुसता हात ठेवला त्यावर. बेलोने मुकाट्याने दोघांचे फोन दिले. रस्कने ते दगडावर ठेवले आणि फावड्याने ठेचले. मग म्हणाला, "आता गाडीत बसा, घरी जा, आणि आज इथे आलाच नव्हतात. कळलं?"

खरं सांगते, त्याने सोडलं होतं आम्हाला. बेलोने माझा दंड धरला होता आणि आम्ही वळलोही होतो. मी परत वळले आणि त्याच्या दाढीवर थुंकले.

सुकड्याने फावडं फिरवलं ते माझ्या डोक्यावर. बेलो मध्ये आला. फावड्याची धार त्याच्या डाव्या खांद्यावर बसली आणि वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. रस्कने पिस्तूल काढलं. थर्मासचं झाकण मी चढता चढता सैल केलं होतं, घोटभर प्यायला. सगळी कॉफी मी त्याच्या तोंडावर फेकली, उकळती. तो किंचाळून डोळे चोळत मागे गेला आणि चरात पडला, त्या हाडांवर. सुकड्याने पुन्हा फावडं उचललं तर मी रिकामा थर्मास त्याच्या तोंडावर हाणला. दोनदा. पोलादी थर्मास, माझ्या आईचा. त्याचे दात माझ्या बोटांना लागले.

बेलोला उजव्या बगलेतून उचललं आणि आम्ही धावत, घसरत खाली आलो. वरून गोळ्या सुटल्या. एक मागच्या काचेतून येऊन पुढच्या काचेतून गेली आणि काचेचे तुकडे माझ्या मानेत शिरले. मी गाडी फिरवली आणि दामटली.

बेलोचा डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. शर्टाखाली हाड तंबूच्या काठीसारखं वर आलं होतं. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या घशातून एक बारीक आवाज यायचा. चेहरा राखेसारखा. माझ्यामुळे झालं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. क्षमा मागायला हवी होती. मी म्हटलं, "पट्टा लाव."

त्याने एका हाताने लावला.

थोड्या वेळाने म्हणाला, "थुंकायला कशाला गेलीस, मिनी?"

"गप बस. दम राख."

तो हसला. एवढ्या वेदनेत हसला, मेला. आरशात बघितलं तर मागे धूळ उठली होती. पांढरा पिकअप निघाला होता.

चार मैलांत माझ्या डोक्यात एकच होतं, याला हमरस्त्यावर पोचवायचं. हमरस्त्यावर गाड्या असतात, माणसं असतात. तिथे ते गोळी घालणार नाहीत. बेलो वाचेल. मला दुसरं काही नको होतं.

फाटक आलं. मी ब्रेक मारायच्या आत बेलो दार उघडून उतरला. मी सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेला माणूस उतरतो, म्हणून उतरला. उघडायला एक हात पुरतो. त्याने खांद्याने दांडा रेटून वरचं कडं उडवलं आणि तारा ओढत बाजूला नेल्या. मी गाडी बाहेर काढली आणि थांबले. मागची धूळ अजून अर्धा मैल लांब असेल. टाकीपाशी गुरांनी माना वर केल्या होत्या. त्यांना गाडी म्हणजे चारा. दोन गाई वासरांसकट फाटकाकडे चालायलाही लागल्या.

बेलो दांडा हातात धरून उभा होता. त्याने धुळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. फुटलेल्या काचेतून त्याचा आवाज स्पष्ट आला.

"मिनी, राहू दे?"

मी विचार केला नाही. विचार करायला काही नव्हतंच. साठ वर्षं जे तोंडात बसलेलं होतं ते बाहेर आलं. "लाव. गुरं बाहेर जातील."

त्याने लावायला घेतलं. दांड्याचं बूड खालच्या कड्यात घातलं. उजव्या हाताने खांबाला मिठी मारली आणि रेटलं. मग वरचं कडं चढवायला दुसरा हातच नव्हता. कडं दांड्यापासून हातभर दूर. तो पुन्हा पुन्हा रेटत होता, हनुवटीने कडं ओढायला बघत होता, दातांनी बघत होता. वेळ होता, असं मी स्वतःला सांगते. दोन हात असते तर होता. तेव्हा मी खाली उतरून पळत जायला हवं होतं. मी खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, "खांद्याने रेट. अरे, अंगाचा भार टाक की."

त्याने अंगाचा भार टाकला. मोडलेल्या खांद्याचा. तेव्हा मात्र तो ओरडला, आणि कडं चढलं.

"आता सोड, ये," मी म्हटलं. त्याने दोनदा हलवून बघितलं.

पिकअप थांबला नाही. रस्कच्या डोळ्यांना फाटक दिसलं की नाही कोण जाणे, भाजलेलेच होते ते. साठच्या वेगाने तो तारांत घुसला. दांडे काडेपेटीच्या काड्यांसारखे उडाले. पण आयरीनच्या तारा पटकन तुटत नाहीत, त्या ताणल्या गेल्या आणि मग सुटल्या. एक तार बेलोच्या गळ्याखालून गेली, एक पोटावरून. त्याला उचलून तिने खांबावर आपटलं आणि खांबासकट ओढत नेलं. उरलेल्या तारा पिकअपच्या पुढच्या चाकांत गुंडाळल्या गेल्या आणि पिकअप गचके खात माझ्या मागे पंधरा पावलांवर थांबला. बेलो रस्त्याच्या कडेला टाकला गेला, तारेत बांधलेल्या गाठोड्यासारखा.

सुकड्या उतरून जो पळाला तो कुरणात पळाला. रस्क हळूच उतरला. चेहऱ्याची साल निघाली होती, हातात पिस्तूल होतं. पिकअपच्या पुढे येऊन, एक डोळा मिटून त्याने माझ्यावर नेम धरला.

मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि पाय तळाला नेला.

त्याने एक गोळी झाडली, ती माझ्या शेजारच्या सीटच्या पाठीत गेली, जिथे बेलो बसायचा. दुसरी झाडायला त्याला वेळ मिळाला नाही. माझ्या गाडीच्या मागच्या बंपरने त्याला त्याच्याच पिकअपच्या नाकावर चेपलं, दोन्ही मांड्यांवर. पिस्तूल माझ्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात पडलं. तो दोन्ही हातांनी माझी गाडी ढकलत होता, तान्ह्या पोरासारखा रडत होता, पुढे घे म्हणत होता. मी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि किल्ली खिशात घातली. त्याचे दोन्ही पाय गेले, नंतर कापावे लागले. लोक मला विचारतात, वाईट वाटतं का. नाही वाटत. त्याचं अजिबात नाही.

सीटखालून तार कापायची पकड काढली आणि बेलोकडे गेले. कुठून कापावं कळत नव्हतं. प्रत्येक काटा मांसात गेला होता. एक तार कापली की दुसरीकडून रक्त यायचं. गळ्यापाशी मी माझा स्वेटर दाबून धरला. तो जागा होता. माझ्याकडे बघत होता आणि ओठ हलवत होता, म्हणून मी कान खाली नेला.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "कडं लागलं होतं."

"लागलं होतं रे बाबा, लागलं होतं. मी बघितलं."

"दोनदा हलवलं."

"बघितलं मी. बोलू नकोस आता."

त्याने ऐकलं. पुन्हा बोलला नाही.

आयरीन गोळ्यांच्या आवाजाने तिच्या घराकडून आली. तिच्याकडच्या फोनवरून तिने मदत मागवली. नवाहो माणसं मेलेल्याच्या जवळ जात नाहीत, म्हणून ती वीस पावलांवर उभी राहिली. पण गेली नाही, हेलिकॉप्टर येईपर्यंत तिथेच उन्हात उभी राहिली. रस्क किंचाळत होता. तिने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. तोडलेल्या फाटकातून गुरं एकेक करून बाहेर पडत होती आणि तिने त्यांच्याकडेही बघितलं नाही.

दुपारी शेरीफचा माणूस, डेप्युटी, चौकशीला आला. तरुण होता, नम्र होता, टोपी काढून बसला. वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पळायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी मागे राहून फाटक लावलं. बरोबर ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक शब्द. त्या एका शब्दावर सगळं उभं राहिलं. पेपरात बेलोचा पोस्टाच्या गणवेशातला फोटो आला. चर्चमध्ये पाद्रीबाबा त्याच्याबद्दल बोलले आणि बायका रडल्या. बाजारात अनोळखी माणसं माझा हात हातात घेऊन म्हणायची, भाग्यवान आहात, असं प्रेम कुणाच्या नशिबी असतं. मी मान हलवायचे आणि घरी येऊन पेपरातला तो फोटो उलटा ठेवायचे.

दफन झाल्यावर आयरीन घरी आली, मटणाचं भांडं घेऊन. दारातच उभी राहिली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी दुपारी गुरं खाली हलवायची होती मला. फाटक मीच उघडणार होते. तुला माहीत असावं म्हणून सांगते." फाटक कुणाच्या शब्दावर लागलं ते तिला कळलं होतं. गुरं राखणाऱ्या बाईला कळणारच.

नोव्हेंबरात एका रविवारी लुर्देस आली, आमची मुलगी. पोरांना अंगणात सोडून आम्ही दोघी स्वयंपाकघरात टेबलावर बीन्स पसरून खडे निवडत बसलो होतो. तिने पिशवीतून एक कागद काढला.

"थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते लिहिलंय. तू बघ आणि हो म्हण, म्हणजे मी उद्या देऊन टाकते."

मी चष्मा लावला. बेलार्मिनो साइस, जन्म, मृत्यू, आणि खाली: त्याने फाटक लावलं आणि बायकोसाठी प्राण दिला.

"हे नको," मी म्हटलं.

"का? खरंच तर आहे."

"खरं नाही."

आणि मग मी सांगितलं. थुंकले तिथपासून सांगितलं. तो काय म्हणाला आणि मी काय म्हणाले, शब्दन् शब्द. खांद्याने रेट म्हणाले तेही. कडं लागलं होतं, रागावू नकोस, तेही. सांगताना मी बीन्सच निवडत होते, कारण हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती.

लुर्देसने हातातले बीन्स टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "त्यांनी तुला विचारलं. राहू दे का म्हणून."

"हो."

"मागून पिस्तूल घेऊन माणसं येतायत, खांदा मोडलाय, आणि त्यांनी तुला विचारलं."

"सवयीने विचारलं गं. फाटकाचं आमच्याकडे..."

"फाटकाचं नाही, आई." तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "फाटक-बिटक काही नाही. ते तुला घाबरायचे. त्या पिस्तुलवाल्यापेक्षा जास्त घाबरायचे. आजोबांच्या गाई मेल्या तेव्हापासून तू त्यांना जे बोललीस, ते माझं सगळं लहानपण मी या भिंतीपलीकडून ऐकलंय. तू हसत सांगायचीस, सांगितलं की लगेच करतो. आम्ही सगळेच लगेच करायचो. आमच्यात कुणाची छाती होती नाही म्हणायची?"

तिने कागदाची घडी घातली, उभी राहिली, खिडकीतून पोरांना हाक मारली आणि कोट घालायला लागली.

मी पण उठले. मला एवढंच म्हणायचं होतं की बस, जेवून जा, पोरं भुकेली असतील. मी तोंड उघडलं, आणि चाळिशीला आलेली, दोन लेकरांची आई असलेली माझी मुलगी एक पाऊल मागे सरकली.